उंदरीण नेमकं काय हुंगते? एमएचसी विरुद्ध एमयूपी

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत १९७० च्या दशकात उंदरांचे काही खास वाण जोपासले जात होते. एडवर्ड बॉइस आणि त्यांचे सहकारी प्रतिकारशक्तीच्या जनुकांवर काम करत होते. उंदरांच्या जोड्या कशा जमतात याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पण पिंजऱ्यांवर रोज नजर असणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. एका नराजवळ दोन माद्या ठेवल्या, एक त्याच्याच वाणाची आणि दुसरी किंचित वेगळ्या वाणाची, तर नराची आणि त्या वेगळीची गट्टी जमते, घरटं एकत्र होतं आणि दुसरी बाजूला पडते. दिसायला सगळे सारखे. फरक होता तो सतराव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या पट्ट्यात. उंदरांमध्ये त्याला एच-२ म्हणतात. सर्वसाधारण नाव एमएचसी. परकी ऊती स्वीकारायची की झिडकारायची, हे ठरवणारी जनुकं ती हीच.

एवढ्या निरीक्षणातून जीवशास्त्रातली एक अतिशय लोकप्रिय गोष्ट जन्माला आली: प्राणी वासावरून जोडीदाराची प्रतिकारशक्ती ओळखतात आणि आपल्यापेक्षा वेगळी असलेली निवडतात. पुढे तीस वर्षांनी तोच प्रश्न रानटी रक्ताच्या उंदरांना विचारला, तेव्हा उत्तर दुसऱ्याच गुणसूत्रावरून आलं. या प्रकरणात कोणी खोटं बोललं नाही, आकडे चुकले नाहीत, प्रयोग ढिसाळ नव्हते. तरीही तीस वर्षं एक मोठी गोष्ट नजरेआड राहिली. ती का राहिली, हा या लेखाचा विषय.

लघवीचे थेंब

आधी उंदराची बाजू समजून घेऊ. घरउंदीर मुख्यतः रात्री वावरतो. डोळ्यांवर त्याची भिस्त कमी, नाकावर आणि मिशांवर जास्त. एकमेकांबद्दलची बरीचशी माहिती लघवीच्या खुणांमधून फिरते. १९७३ मध्ये देजार्डिन, मारुनियाक आणि ब्रॉन्सन यांनी नरांच्या पिंजऱ्यात तळाला कागद घातला आणि नंतर तो अतिनील प्रकाशात धरला. वरचढ नराचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेला होता. दबलेल्या नराच्या कागदावर मात्र कोपऱ्यात दोन-चार मोठे डाग, बस्स. त्याने लघवी केली होती, खूण केली नव्हती.

हा फरक मादीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हद्दीत सगळीकडे आपलेच ताजे ठिपके ठेवायचे, तर दुसऱ्या नराने येऊन केलेल्या प्रत्येक ठिपक्यावर आपला ठिपका टाकावा लागतो, घुसखोराला हुसकावावं लागतं. ज्याला हे रोज जमतं त्याचीच हद्द स्वच्छ राहते. रिच आणि हर्स्ट यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की ज्या नराच्या हद्दीत परक्याचे ठिपके नाहीत त्याच्याकडे माद्यांचा ओढा जास्त असतो. म्हणजे ठिपका नुसतं ‘मी इथे आहे’ एवढंच सांगत नाही, त्यात दमखम दिसतो, आणि दमखम नसलेल्याला ते सोंग फार काळ वठवता येत नाही.

पण ‘हा दमदार आहे’ आणि ‘हा अमुकच आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी. मादीला तिसरीही एक गोष्ट कळायला हवी: ‘हा माझा सख्खा भाऊ तर नाही?’ पुढचा सगळा गुंता याच दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावरून झाला.

१९७६ चा प्रयोग

वैद्यक आणि लेखन दोन्हींत नाव असलेले लुईस थॉमस त्याच सुमारास याच संस्थेचे प्रमुख होते. माग काढणारा कुत्रा माणसामाणसातला वास वेगळा ओळखतो, तो कदाचित ऊतींची ओळख ठरवणाऱ्या जनुकांमुळेच असेल, अशी कल्पना त्यांनी मांडली होती. पिंजऱ्यातलं निरीक्षण आणि ही कल्पना यांची गाठ पडली आणि कुनियो यामाझाकी यांनी रीतसर प्रयोग केला. नरासमोर माजावर आलेल्या दोन माद्या ठेवायच्या. एकीचं एच-२ त्याच्यासारखं, दुसरीचं वेगळं, बाकी सगळी जनुकं जवळपास तीच. तो कोणाशी आधी जुगतो ते पाहायचं.

निकाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक वाणांचे नर वेगळ्या एच-२ कडे झुकले. बहुतेक, सगळे नव्हे. एका ठिकाणी कल उलटा, सारख्याकडे होता. आणखी एक बाब: इथे निवड मोजली ती नराची. ‘मादी वेगळ्या प्रतिकारशक्तीचा नर निवडते’ हे वाक्य आज इतकं सर्रास लिहिलं जातं, की मूळ प्रयोगात निवडणारा नर होता हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मूळ शोधनिबंधातला हा खडबडीतपणा नंतरच्या सारांशांनी घासून गुळगुळीत करून टाकला.

मग पुरावे साठत गेले. ‘वाय’ आकाराच्या भुयारात दोन फाट्यांतून दोन वाणांचा वास हवेबरोबर सोडायचा आणि तहानलेल्या उंदराला बरोबर फाटा निवडल्यावर पाण्याचा थेंब द्यायचा. उंदीर शिकले. पुढे नुसती लघवी ठेवली तरी शिकले. एकाच जनुकपट्ट्यातला फरक त्यांच्या नाकाला कळत होता, यात शंका उरली नाही. १९८८ मध्ये आणखी एक सुंदर पुरावा आला: जन्मल्याबरोबर दुसऱ्या वाणाच्या दूधआईकडे वाढवलेले नर मोठेपणी आपली आवड बदलतात. म्हणजे घरचा वास लहानपणी मनात ठसतो आणि पुढे तोच टाळला जातो. १९९१ मध्ये पॉट्स, मॅनिंग आणि वेकलँड यांनी अर्धवट रानटी उंदरांच्या वसाहती मोठ्या बंदिस्त आवारांत वसवल्या. तिथल्या पिल्लांमध्ये एमएचसीच्या बाबतीत समयुग्मी, म्हणजे आई-बापाकडून तेच रूप मिळालेली, अपेक्षेपेक्षा २७ टक्के कमी भरली. माद्या आपल्या हद्दीतला नर सोडून शेजारच्या हद्दीत जाऊन गाभण राहून येत होत्या, असंही त्यांना दिसलं.

आता ही गोष्ट पक्की वाटू लागली. वाटण्यासारखीच होती. वेगळ्या एमएचसीची जोडी जमली की पिल्लांना रोगजंतू ओळखण्याची दुहेरी शिदोरी मिळते, शिवाय नात्यातला संबंधही टळतो. इतकं नेटकं स्पष्टीकरण समोर असल्यावर दुसरं शोधायला कोण जातं?

दुसरं प्रथिन

दुसरं स्पष्टीकरण लघवीतच होतं आणि भरपूर होतं. माणसाच्या लघवीत प्रथिनं दिसली की डॉक्टर मूत्रपिंडाकडे बोट दाखवतात. नर उंदराच्या लघवीत ती एरवीही ढिगाने असतात आणि त्यात आजाराचा काही संबंध नसतो. यकृत ती मुद्दाम तयार करतं, रक्तातून मूत्रपिंडात पाठवतं आणि उंदीर ती थेंबाथेंबाने जमिनीवर ठेवतो. एवढं प्रथिन फुकट घालवणं कुठल्याच प्राण्याला परवडत नाही, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असणारच. यांना एमयूपी म्हणतात, ‘मुख्य मूत्र-प्रथिनं’. त्यांची किमान २१ जनुकं चौथ्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून आहेत.

या प्रथिनाच्या घडणीत मधोमध एक पोकळी असते. नराच्या लघवीत एक थायाझोल आणि एक ब्रेव्हिकोमिन जातीचं असे दोन उडून जाणारे रेणू असतात. ते या पोकळीत अडकून बसतात आणि हळूहळू सुटतात. ठिपका ओला असताना जो वास सुटतो तोच ठिपका सुकल्यावरही तासन्‌तास येत राहतो, तो याच्यामुळे. हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी मेनाडिओन नावाचं रसायन घालून हे रेणू पोकळीतून बाहेर काढले, तेव्हा ठिपक्यांचं आयुष्य घटलं. म्हणजे प्रथिन हा वास धरून ठेवणारा साठा आहे.

पण तो फक्त साठा नाही, हे लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रॉबर्ट बेनन यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं. रानटी उंदरांत प्रत्येकाच्या लघवीत एमयूपींचं मिश्रण वेगळं असतं: कुठलं रूप आहे, कुठलं नाही, कुठलं किती. नराला स्वतःचीच लघवी परत दाखवली तर तो फारसा चाळवत नाही. त्याच लघवीत प्रयोगशाळेत बनवलेलं एक परकं एमयूपी मिसळलं, की त्याच्या लेखी ती परक्याची होते आणि तो त्यावर ठिपके टाकायला धावतो. वास तोच, मालक तोच, फक्त एक प्रथिन जास्तीचं!

२००७ मध्ये दोन अभ्यास लागोपाठ आले. चीथम आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की ठिपक्यावरून ओळख पटलेला नर मादी पुढे ओळखते ती कशावरून? नरांच्या एमयूपीत फरक असेल तर ओळखते. फरक फक्त एमएचसीत असेल तर नाही. दुसरा अभ्यास शेरबोर्न आणि सहकाऱ्यांचा. रानटी वंशाचे उंदीर मोठ्या आवारांत मोकळे सोडले, त्यांना हवं तसं जुगू दिलं आणि जन्मलेल्या पिल्लांच्या जनुकांवरून कोणाचा बाप कोण ते काढलं. नात्यातल्या जोड्या अपेक्षेपेक्षा कमी होत्या. कमतरता होती ती एका ठरावीक ठिकाणी: ज्यांचे एमयूपीचे दोन्ही संच सारखे होते त्यांच्यात. एमएचसी सारखं असण्या-नसण्याने फरक पडला नाही. लहानपणी आईचा वास मनात ठसून तो टाळला जातो, असंही इथे दिसलं नाही.

‘दोन्ही संच सारखे’ ही अट महत्त्वाची आहे आणि तिच्यामागे साधं गणित आहे. एमयूपीची जनुकं खेटून असल्याने ती सहसा गठ्ठ्याने पुढच्या पिढीत जातात. आईकडे दोन गठ्ठे, बापाकडे दोन, चारही वेगळे धरा. एका आई-बापाच्या दोन पिल्लांमध्ये दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक. एकच जुळण्याची दोनात एक. एकही न जुळण्याची पुन्हा चारात एक. सावत्र भावंडांत, इतर नातं नसेल तर, दोन्ही कधीच जुळणार नाहीत. म्हणजे समोरच्याचे दोन्ही गठ्ठे माझ्यासारखे असतील तर तो सख्खा भाऊ असण्याचा संशय बळकट. एकच जुळत असेल तर तो सख्खा, सावत्र किंवा लांबचा कोणीही असू शकतो. तेवढ्यावर जोडीदार नाकारणं महागात पडेल. उलट बाजूही आहे: सख्ख्या भावंडांतल्या चारापैकी तीन जोड्या या चाळणीतून सुटतात. निसर्गाने पक्का बंदोबस्त केलाय असं म्हणायचा मोह आवरावा. ही एक ढोबळ चाळणी आहे आणि रानात ती पुरत असावी, कारण पुष्कळ पिल्लं मोठी झाली की दूर पांगतातच.

मग आधी काय दिसलं होतं?

प्रकरणाची खरी मेख इथे आहे. इनब्रेड वाण म्हणजे किमान २० पिढ्या सख्ख्या भावंडांचीच जोडी लावून तयार केलेला उंदीर. त्या वाणातले सगळे नर जनुकांनी एकमेकांच्या प्रती असतात, त्यांची एमयूपीही एकाच छापाची. बॉइस यांच्या वाणांत तर हे मुद्दाम साधलेलं होतं: फक्त एमएचसी वेगळं, बाकी सगळं सारखं. एका जनुकाचा परिणाम सुटा करून पाहायचा तर याहून चांगली रचना नाही. पण या रचनेत एमयूपीला बोलायला जागाच नव्हती. दोन जुळ्या भावांना एकसारखे कपडे घालायचे, केस एकसारखे कापायचे, फक्त बूट वेगळे द्यायचे आणि लोकांनी बुटांवरून ओळखलं की ‘माणसं एकमेकांना बुटांवरून ओळखतात’ असा सिद्धांत मांडायचा, तसं काहीसं हे झालं.

‘वाय’ भुयाराच्या प्रयोगातही हीच गफलत आहे, जरा वेगळ्या रूपात. पाण्यासाठी तहानलेला उंदीर जो फरक सापडेल तो धरून शिकेल. त्यातून कळतं ते एवढंच, की नाकाला हा फरक जाणवू शकतो. रानात जोडीदार निवडताना तो याच फरकाकडे पाहतो का, हा प्रश्न तसाच उरतो. जमतं आणि करतो यांच्यातलं हे अंतर प्राण्यांच्या वर्तनावरच्या पुष्कळ लिखाणात सहज ओलांडलं जातं. मला विचाराल तर या प्रकरणातून शिकवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती हीच.

१९९१ च्या आवारातल्या आकड्यांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. ते उंदीर पूर्ण इनब्रेड नव्हते आणि २७ टक्क्यांची तूट किरकोळ नाही. पण त्या अभ्यासात मोजलं गेलं ते एमएचसी. नात्यातले उंदीर एमएचसीतही सारखे असतात आणि एमयूपीतही. माद्या एमयूपीवरून भाऊ टाळत असतील तरी पिल्लांच्या एमएचसीत समयुग्मी कमी दिसतीलच. दोन्ही एकाच वेळी मोजल्याशिवाय ही फोड होत नाही, आणि २००७ च्या अभ्यासाचं मोल त्यातच आहे.

तरीही एमएचसीला नाकाबाहेर काढता येत नाही. नर उंदराच्या वासाचा आणखी एक विलक्षण परिणाम हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये लंडनहून नोंदवला होता. नुकतीच गाभण राहिलेली मादी परक्या नराच्या वासात ठेवली, तर गर्भ रुजतच नाही आणि ती पुन्हा माजावर येते. ज्याच्याशी ती जुगली त्याच्या वासाने असं होत नाही. म्हणजे तिला ‘तो’ आणि ‘दुसरा’ यातला फरक आठवतो. २००४ मध्ये लाइंडर्स-झुफाल आणि सहकाऱ्यांनी एमएचसीच्या रेणूंना चिकटणारे नऊ अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड घेतले. मादीच्या नाकाच्या तळाशी असलेल्या व्होमेरोनेझल अवयवातल्या पेशी त्यांना प्रतिसाद देतात असं दिसलं. ओळखीच्या नराच्या लघवीत परक्या वाणाचं पेप्टाइड मिसळलं, तर गर्भ रुजण्याचं थांबलं. प्रयोग भक्कम आहे. पण तिथेही उंदीर इनब्रेड होते आणि प्रश्न होता गर्भ टिकण्याचा, नर निवडण्याचा नव्हे. एकाच नाकाचे दोन उपयोग असू शकतात आणि दोन्हींचा आधार वेगळा असू शकतो. ‘एमएचसी की एमयूपी’ हा वाद ज्यांनी एकाच झटक्यात निकाली काढलाय त्यांनी या दोन प्रश्नांची सरमिसळ केलेली असते.

डार्सिन

प्रकरणाला पुढे एक जोड मिळाली आणि ती मला सर्वांत रंजक वाटते. २०१० मध्ये लिव्हरपूलच्याच गटाने एमयूपींपैकी एक वेगळं काढलं. ते नरांच्याच लघवीत असतं आणि माद्यांना ते उपजतच आवडतं, शिकवावं लागत नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीचा नायक डार्सी, त्याच्यावरून त्याला डार्सिन नाव दिलं. शास्त्रज्ञांना नावं ठेवायची हौस असतेच, पण इथे ते शोभलं.

डार्सिन उडत नाही. मादीला नाक ठिपक्याला टेकवावंच लागतं. एकदा टेकवलं, की ती त्या ठिपक्याचा हवेतून येणारा वासही डार्सिनबरोबर शिकून घेते, आणि पुढे त्या एका नराचा नुसता हवेतला वासही तिला ओढतो. दुसऱ्या नराचा हवेतला वास तसं करत नाही. २०१२ मध्ये पुढचा टप्पा आला: डार्सिनशी एकदाच, दहा मिनिटांचा संपर्क आला तरी मादी ती जागा लक्षात ठेवते आणि १४ दिवसांनंतरही तिथे जाऊन रेंगाळते, ठिपका पुसून टाकलेला असला तरी.

इथे उपजत आणि शिकलेलं अशी सरळ फाळणी करता येत नाही. ‘नर’ ही खूण जन्मजात आहे, ‘कोणता नर’ हे शिकलेलं आहे, आणि शिकायला भाग पाडतो तो जन्मजात रेणू. वरचढ नर ठिपक्यांवर इतकी मेहनत का घेतो याचाही उलगडा होतो. प्रत्येक ठिपका पुढे येणाऱ्या मादीला त्याचा वास आणि त्याचा पत्ता दोन्ही शिकवून ठेवतो.

या सगळ्यावरून माणसांबद्दल निष्कर्ष काढायची घाई पुष्कळांना असते. १९९५ च्या स्विस प्रयोगापासून, ज्यात बायकांना पुरुषांनी वापरलेले टी-शर्ट हुंगायला दिले होते, ती सुरू झाली आणि तिचा पाया होता तो १९७६ चाच. तेवढ्यासाठी एक नोंद: माणसाच्या जनुकसंचात एमयूपीचं एकच जनुक उरलंय आणि तेही मोडकं, काम न करणारं. व्होमेरोनेझल अवयवाच्या पेशींना लागणारं टीआरपीसी-२ हे जनुकही आपल्यात निकामी आहे. उंदराचा हा कारभार जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही.

तो सगळ्या उंदरांनाही लावता येत नाही. घरउंदराचा जवळचा भाऊबंद मस मॅसिडोनिकस माणसाच्या घरात, कोठारात गर्दी करून राहत नाही. तो शेतात, माळावर विरळ वस्तीने असतो. त्याची लघवी तपासली तेव्हा नरांमध्ये एमयूपीचं एकच रूप सापडलं, सगळ्या नरांत तेच. तिथे ‘नर आहे’ एवढं या प्रथिनावरून कळेल, ‘कोणता नर’ हे नाही. घरउंदराच्या वस्तीत मात्र एकाच कोठारात अनेक नर-माद्यांचे ठिपके एकमेकांवर पडतात, आणि एमयूपीची जनुकं वाढून त्यांची इतकी रूपं झाली ती त्याच घरउंदरात.